रविवारची पुडी

फाटकाची कडी वाजली की वाडीच्या आतून पहिला आवाज यायचा तो असा: "आधी बोईसर धुवून या!"

फाटकाच्या आत फणसाखाली पाण्याचं पिंप, तांब्या आणि बिनवासाच्या साबणाचा तुकडा ठेवलेला असे. हातपाय, मान, कानामागचा भाग, सगळं धुतल्याशिवाय मला माझ्या खोलीकडे जाता येत नसे. मी बोईसरजवळ तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रंगाची रसायनं बनवणाऱ्या एका कारखान्यात केमिस्ट होतो. बोटं कायम पिवळी असत आणि अंगाला एक आंबूस, जळका वास येई. मला स्वतःला तो केव्हाच येईनासा झाला होता. माझ्या घरमालकांना तो फाटकापासून येई आणि त्यांच्या मते त्यांच्या मधमाश्यांना तर मी केळव्याच्या नाक्यावर उतरल्यापासून येई.

"त्या काय बोलतात, ठाऊक हाय?" ते विचारत. "बोलतात, आला बघा भाडेकरू."

तीन वर्षांत त्यांनी मला नावानं कधी हाक मारली नाही. "अहो भाडेकरू, जेवलात काय?" "भाडेकरू, तुमचं टमरेल विहिरीवर राहिलं." मी त्यांना काका म्हणे आणि त्यांच्या बायकोला काकी. मी घाटावरचा, बार्शीकडचा. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो त्यांच्या वाडीच्या मागच्या बांधावर उभा राहून. बोंबील खायला काकींनी शिकवलं. त्या घराचं माझ्यावर जे आहे ते मी कधी फेडू शकलो नाही. उलट त्या घराचं एक नुकसान माझ्या हातून झालं आहे, आणि ते नुकसान मी केलं हे मी कितीतरी वर्षं कोणाला सांगितलं नाही. काकांविषयी लिहायचं तर ते वगळून लिहिता येणार नाही. पण आधी काका सांगतो.

काका एका धर्मादाय दवाखान्यात कंपाउंडर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण कंपाउंडरकी अंगातून गेली नव्हती. घरातल्या गोडेतेलाच्या बाटलीला त्यांनी कागदाची कातरलेली पट्टी चिकटवली होती, जशी पूर्वी औषधाच्या बाटलीला असे. एक खाच म्हणजे एक दिवस. काकी त्या पट्टीकडे ढुंकून बघत नसत.

"दोन खाचा उतरल्या आज," काका बाटली उजेडात धरून म्हणत.

"कोलंबी होती आज. तिला खाचा कळत नाय," काकी चुलीकडून म्हणत. "तुमचं माप तुमच्या डोळ्यात. माझं माझ्या हातात हाय."

यावर काका बाटली जागेवर ठेवून देत, कारण काकींच्या हातच्या कोलंबीला खरोखरच माप लागत नसे.

मधमाश्यांच्या पेट्या उघडायच्या असल्या की ते दवाखान्यातला जुना पांढरा कोट घालत. वरची दोन बटणं गेलेली, खिशावर निळ्या शाईचा डाग. तोंडावर जाळी नाही, हातात मोजे नाहीत. फक्त पायजम्याचे पाय मोज्यात खोचलेले. मी एकदा विचारलं, "काका, भीती नाही वाटत?" तर म्हणाले, "पांढरा कोट बघून पेशंट घाबरतो. माशी कशाला घाबरेल? तिला टोचायला स्वतःचं इंजेक्शन हाय."

शनिवार-रविवारी मुंबईची माणसं केळव्याच्या किनाऱ्यावर येत आणि कोणीतरी त्यांना या वाडीत मध मिळतो म्हणून सांगत. काका मध विकत, पण गिऱ्हाइकाची परीक्षा घेऊन. ज्यानं पहिला प्रश्न "शुद्ध आहे ना?" असा विचारला त्याचं काम संपलं.

"नाय," काका शांतपणे म्हणत. "शुद्ध नाय. माश्यांनी उष्टावलेला हाय."

एका बाईंनी अत्तर लावलं होतं म्हणून त्यांना फाटकातूनच परत पाठवलं. त्याच वेळी मासे विकणारी सातपाटीची मावशी डोक्यावर पाटी घेऊन थेट पडवीपर्यंत आली होती. बाई चिडल्या. "हिला बरं आत सोडता? हिचा वास नाही येत?"

"म्हावऱ्याचा वास चालतो," काका म्हणाले. "तो खरा वास हाय."

मावशी पाटी उतरवत म्हणाली, "ऐकला काय बाय? माझा अत्तर खरा हाय!" आणि इतकी हसली की बाईंनाही हसू आवरेना. मध मात्र त्यांना मिळाला नाहीच.

काकांच्या पेट्या होत्या सहा. सगळ्या सातेरी माश्यांच्या, म्हणजे आपल्याकडच्या, झाडाच्या ढोलीत राहणाऱ्या. मी येण्याआधी काही वर्षं या माश्यांवर रोगाची साथ आली होती. अळ्या पोळ्यातच कुजत, आणि उरलेल्या माश्या एका सकाळी पेटी सोडून निघून जात. काकांची पूर्ण वाडी ओस पडली. एक पेटी सोडून. सुपारीच्या रांगेच्या टोकाला ठेवलेल्या त्या पेटीला काही झालं नाही. बाकीच्या पाच त्यांनी नंतर डोंगराकडून धरून आणलेल्या होत्या, चपळ आणि तापट. ही जुनी पेटी वेगळी होती. झाकण काढलं तरी माश्या चौकटीवर चालत राहत, जणू कोणी आलेलंच नाही. पावसात उपासमार झाली तरी पळून जात नसत. काका या पेटीला 'वाचलेली' म्हणत. "वाचलेलीकडं जाऊन येतो," असं सांगून ते जात, आणि कोणी आजारी नातेवाइकाला भेटून यावं तसे तासाभरानं परत येत.

पण वाचलेलीची राणी म्हातारी झाली होती. ती गेली की तिचा वंशही गेला असता, म्हणून तिची लेक तयार करायची, असं काकांनी त्या वर्षी शिमग्याच्या आधी ठरवलं. त्यासाठी त्यांनी एक डबी बनवली. दोन बोटं रुंद पट्ट्यांची, लहान मुलाच्या दप्तराएवढी. आत तीन इवल्या चौकटी आणि एका बाजूला खाऊ ठेवायला वीतभरही नसलेला कप्पा. वाचलेलीच्या पोळ्यावर राणीचं घर लोंबत होतं, भुईमुगाच्या शेंगेसारखं, ते कापून डबीत लावायचं, सोबत वाटीभर तरुण माश्या सोडायच्या, आणि तीन दिवस डबी अंधाऱ्या कोठीत बंद ठेवायची. तेवढ्यात राणी बाहेर येते, माश्या तिला आपली मानतात. मग डबी झाडाखाली ठेवली की आठवड्याभरात कधीतरी दुपारी राणी उडते, नरांना भेटून येते, आणि अंडी घालायला लागते.

"म्हणजे तिचं लग्नच की," मी म्हणालो.

"लगीन नाय, काम हाय," काका म्हणाले. "लग्नाला माणसं जेवून येतात. हिच्या घरी वाटीभर पोरी, घर बांधायचंय, बाहेर फुलं कुठं हायत ते ठाऊक नाय. त्यांना जेवण घरातच द्यायला पायजे. आणि तेच अवघड हाय."

ते अवघड काम मी ओसरीवर बसून पाहिलं. साखर खलात कुटायची, धोतराच्या जुन्या तुकड्यातून गाळायची. मी म्हणालो, बोईसरला पिठीसाखर तयार मिळते, आणू का? त्यांनी बत्ता थांबवला.

"त्यात मैद्यासारखं पीठ मिसळलेलं असतं. माशीचं पोट बिघडतं. तुमचं बिघडलं तर तुमी संडासात जाता. ती बंद डबीत कुठं जाणार?"

मग वाचलेलीचाच मध कोमट करून थेंब थेंब सोडायचा आणि मळायचं. पुरणपोळीच्या कणकेहून घट्ट, चकलीच्या पिठाहून मऊ. पुन्हा पुन्हा ते गोळ्यावर अंगठा दाबून बघत. अंगठ्याचा ठसा उठला पाहिजे आणि अंगठा कोरडा सुटला पाहिजे. त्या वेळी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. अंगठ्याचा ठसा दिसेना म्हणून ते बोटानं चाचपत होते.

"पण काका," मी केमिस्ट या नात्यानं विचारलं, "साखर तीच. पाण्यात विरघळवून दिली तर त्यांना सोपं नाही का?"

"सोपं, पण कुणाला?" काका म्हणाले. "पातळ पाक म्हणजे गावजेवणाची दवंडी. वास सुटतो, थेंब सांडतो. मोठ्या पेटीच्या दारात पहारेकरी असतात. डबीत वाटीभर पोरी. त्यातल्या दारात उभ्या किती राहणार? बाजूच्या पेट्यातल्या येतात आणि घर धुवून नेतात. म्हणून घट्ट. म्हणून थोडं. आणि म्हणून तिन्हीसांजेला, सगळ्या घरी परतल्यावर."

मी मान हलवली. मला ते अतिशयोक्त वाटलं होतं, हेही सांगून टाकतो.

डबी रांगेतल्या एका सुपारीखाली ठेवली आणि दुसऱ्याच दिवशी काका-काकी विरारला लेकीकडे गेले. डोळ्याचं ऑपरेशन आधीच ठरलेलं होतं, दहा दिवसांचा मुक्काम. काका पुढे ढकलायला बघत होते, पण लेकीनं फोनवर चांगलंच सुनावलं. जाण्याआधी त्यांनी मला ओसरीवर बोलावलं. पितळी डब्यात तीन पुड्या होत्या, दवाखान्यात चूर्णाच्या बांधत तशा, कडा आत दुमडलेल्या. प्रत्येकीवर जाड अक्षरात लिहिलेलं: मंगळवार, शुक्रवार, रविवार.

"तिन्हीसांजेला," ते म्हणाले. "कप्प्याचं झाकण सरकवायचं, गोळा ठेवायचा, झाकण लावायचं. तिथं उभं राहून कौतुक करायचं नाय."

"काळजी करू नका काका."

"काळजी इथली हाय. आमी वैतरणेचा पूल ओलांडला की मागं राहिलेला माणूस पथ्य सोडतो," ते म्हणाले, आणि रिक्षात बसताना पुन्हा एकदा मागे वळून सुपारीच्या रांगेकडे पाहिलं.

मंगळवारची पुडी मी सांगितल्याप्रमाणे घातली. बोटाला जे लागलं ते चाटलं. तिथून सुरुवात झाली. त्या गोळ्याची चव मी आजही सांगू शकतो. आधी साखर, मग मधाचा उग्र, किंचित कडसर वास, आणि शेवटी घशात काहीतरी ऊबदार. काकी नव्हत्या, मी चहा-पावावर राहत होतो. बुधवारी सकाळी चहाबरोबर मी रविवारच्या पुडीतला एक कोपरा तोडला. एवढ्यानं काय होतंय, म्हटलं. गुरुवारी दुसरा कोपरा. शुक्रवारी माश्यांना शुक्रवारची पुडी प्रामाणिकपणे दिली आणि त्या प्रामाणिकपणाचं बक्षीस म्हणून रविवारच्या पुडीतला बराच भाग खाल्ला. शनिवारी कामावरून आल्यावर जे उरलं होतं ते ठेवण्यासारखं नव्हतं, म्हणून तेही संपवलं. तीस वर्षांचा, पगारदार, शिकलेला माणूस. वाटीभर किड्यांच्या तोंडचा घास मी खाल्ला.

रविवारी सकाळी डबा उघडला तर पुडीचा नुसता कागद उरला होता. खल होता, पण कुटून गाळून मळायला लागणार तासभर, आणि संध्याकाळी कारखान्यातल्या एका मित्राची हळद होती बोईसरला. मी केमिस्ट. मी साखर आणि गरम पाणी समभाग घेतलं, ढवळलं, आणि चव काकांच्या गोळ्यासारखी यावी म्हणून माझ्याकडच्या दुकानातल्या मधाचे दोन चमचे त्यात ओतले. बाटलीच्या झाकणात तो पाक घेऊन भर बाराच्या उन्हात कप्पा उघडला. झाकण आत सरकवताना कलंडलं. पाक डबीच्या तोंडावरून खाली ओघळला. मी ओल्या फडक्यानं पुसून घेतलं आणि फडकं डबीवरच वाळत टाकलं. मग जेवलो आणि झोपलो.

चारच्या सुमारास आवाजानं जाग आली. सुपारीच्या रांगेतून एक सलग, चढा घोष येत होता. जाऊन बघतो तर डबीभोवती ढग. इतकुशा डबीच्या दारात शेकडो माश्या. मला, खरं सांगतो, आनंद झाला. वाटलं, माझ्या पाकानं काय तरतरी आलीय! तेवढ्यात खिशातला फोन वाजला. काका रोज चारला करत.

"काय बोलते आमची डबी?"

"काका, एकदम जोरात! दारात ही गर्दी!"

"गर्दी? वाटीभर माश्यात गर्दी कुठनं आली?"

"म्हणजे... बऱ्याच आहेत."

"नीट बघा भाडेकरू. जवळ जा. एकमेकींना ओढतायत काय? पाय धरून? जमिनीवर पडून लोळतायत काय?"

मी जवळ गेलो होतो. माझ्या पायाशी, वाळलेल्या सुपारीच्या झावळीवर, माश्या जोडीजोडीनं एकमेकींना धरून गरगर फिरत होत्या. एकीचा पंख दुसरीच्या तोंडात होता.

"नाही काका," मी म्हणालो.

"पातळ काय घातलं नाय ना?"

"नाही काका. तुमचाच गोळा घातला. रविवारचा."

"दुपारी?"

"काल संध्याकाळी. आज जमणार नव्हतं म्हणून."

डोळ्याला पट्टी बांधलेला तो माणूस विरारच्या खोलीत बसून डोक्यात माझ्यासमोरची डबी बघत होता, हे मला आज कळतं. मग म्हणाले, "मग बरोबर. दुपारच्या नव्या पोरी दारात खेळतात. खेळत असतील. खेळू द्या."

मी हळदीला गेलो. तिकडेच राहिलो. सोमवारी सकाळी आलो तेव्हा वाडी शांत होती. डबी हलकी झाली होती. चौकटींवरचं नवं, पांढरं, अर्धंच बांधलेलं पोळं कुरतडलेलं, तळाशी मेलेल्या माश्यांचा थर. त्यात एक लांब, तांबूस, पंख पोटाच्या मानानं तोकडे वाटणारी. ती राणी होती. ती एकदा तरी उडून आली होती की नाही, ते कोणालाच कळणार नाही. मी तिला इतर माश्यांबरोबर केळीच्या बुंध्याशी पुरलं. बाटलीचं झाकण धुतलं, फडकं धुतलं. रविवारच्या पुडीचा कागद चुरगाळून डबीच्या शेजारी टाकला, गोळा घातल्याचा पुरावा म्हणून. हे मी अतिशय शांत डोक्यानं केलं.

बुधवारी काका काळा चष्मा लावून आले. हातपाय धुवून, अजून पाणी पुसलं नव्हतं तोच सुपारीच्या रांगेकडे गेले. मी मागे उभा होतो. ते उकिडवे बसले, डबीच्या तोंडावरून बोट फिरवलं आणि अंगठ्यावर घासून पाहिलं.

"चिकट हाय," ते म्हणाले. "ओघळलाय."

त्यांनी डबीच्या तोंडावरून पुन्हा एकदा बोट फिरवलं.

"गोळा वितळला. मध जास्त झाला माझ्याकडनं." त्यांनी अंगठा नाकाशी नेला. "ठसा दिसतच नव्हता मला. नुसता चाचपला. पातळ झाला आणि दारातनं ओघळला. मग येणारच त्या. त्यांचा काय दोष?"

आणि मी म्हणालो, "उकाडाही फार होता काका."

फोनवर मी खोटं बोललो ते घाबरून. हे वाक्य मी घाबरून बोललो नव्हतो. ते माझ्या सोयीचं होतं, त्यांनी स्वतःच पुढे केलेलं होतं, आणि मी फक्त त्याला खालून टेकू दिला.

काकी म्हणाल्या, "होतं कधी कधी. दुसरी करा. वाचलेली हायच अजून." मीही म्हणालो, डोळे आता चांगले झालेत, पुन्हा करू. काकांनी मान हलवली. "डोळ्याचं काय नाय. कंपाउंडरचा हात चुकला की संपलं. दवाखान्यात चुकला असता तर माणूस गेला असता." त्या पावसाळ्यानंतर त्यांनी सहाही पेट्या डहाणूकडच्या एका मधपाळाला देऊन टाकल्या, वाचलेलीसकट. तिकडे तिचं काय झालं, काकांनी विचारलं नाही. पुढे माझी बदली वापीला झाली. मी निघालो त्या दिवशी फाटकाशी पिंप होतं, पण साबण नव्हता. आता कोणी काही धुवून येण्याची गरज उरली नव्हती.

गेल्या वर्षी मी नोकरीनिमित्त पुन्हा पालघरला आलो. तिथल्या एका शेतकी प्रदर्शनात एक तरुण मुलगी मधमाशीपालनाचा स्टॉल लावून बसली होती. तिच्यापुढे तशीच छोटी डबी होती. ती लोकांना सांगत होती, बाहेरच्या माश्या लुटायला आल्या तर ओळखायचं कसं. दारात गर्दी, पाय धरून ओढाओढी, जमिनीवर लोळणं. "तेव्हाच्या तेव्हा दार एका माशीपुरतं ठेवायचं, वरून ओली चादर टाकायची, जमलं तर डबी उचलून लांब अंधाऱ्या खोलीत न्यायची. अर्ध्या तासात आटोक्यात येतं. राणी वाचते."

मी चहाच्या टपरीवर जाऊन बसलो. इतकी वर्षं मी समजत होतो की पाक ओतला तिथंच सगळं संपलं होतं. चार वाजता फोनवर काका ते प्रश्न उगाच विचारत नव्हते. मी "हो" म्हटलं असतं तर पुढचं वाक्य ओल्या चादरीचं असतं.

तरीही केळव्याला जायला मला आठ महिने लागले.

काका आता नव्वदीकडे झुकलेत. ओसरीवर खुर्चीत बसले होते. शेजारची वाडी पर्यटकांच्या राहण्याची झाली आहे, तिथलं गाणं भिंतीवरून येत होतं. काकी त्यांच्या गोळ्या काढत होत्या, एक पांढरी, अर्धी पिवळी.

"आता तुम्ही काढून देता?" मी सहज विचारलं.

"मग? ते हात नाय लावत," काकी म्हणाल्या. "दवाखान्यात आख्ख्या गावाला औषध दिलं, आणि आता स्वतःची गोळी मोजत नाय. बोलतात, माझं माप गेलं. त्या डबीपासून."

मी खुर्चीवरून उठलो आणि खाली जमिनीवर बसलो. सगळं सांगितलं. मंगळवारी बोट चाटल्यापासून उकाड्याच्या वाक्यापर्यंत. काकी मध्येच गोळ्यांचा डबा बंद करून बसल्या. काका डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं, झोपले.

"रविवारची पुडी?" ते म्हणाले.

"खाल्ली."

"तुमी?"

"हो."

"अख्खी?"

"हो काका."

"कशी होती?"

"चांगली होती."

"सैल वाटली काय? बोटाला लागत होती?"

मला पुडीचा कागद आठवला. कोरडा, आतून पांढरी पूड धरलेला. "नाही काका. मोडली की तुकडा पडत होता."

"हं. आणि मध कुठला ओतला?"

"दुकानातला."

"अरेरे," ते म्हणाले, आणि त्या एका शब्दात मला जो राग ऐकू आला तसा मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

मी म्हणालो, "काका, मला माफ करा असं म्हणायला तोंड नाही."

"मग बोलू नका," ते म्हणाले. "तेव्हा सांगितलं असतंत तर चांगल्या शिव्या घातल्या असत्या तुमाला. आणि दुसऱ्या दिवशी दुसरी डबी केली असती. आता शिव्यांना दम नाय आणि डबीला वाचलेली नाय." खुर्चीच्या हातावर जोर देऊन ते उठले. मी आधार द्यायला हात पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. भिंत धरत धरत आत गेले.

काकी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "जा तुमी आता."

मी चपला घातल्या. फाटकापर्यंत गेलो असेन, तेव्हा आतल्या खोलीतून काकांचा आवाज आला. लेकीला फोन लावला होता. कानाला कमी ऐकू येतं म्हणून ओरडून बोलत होते.

"अगं, तो गोळा बरोबर होता! ... कसला काय? माश्यांचा! माझा! ... अगं, तुझ्याकडं डोळ्याला आलो होतो ना, तेव्हाचा. घट्ट होता. तुकडा पडत होता. माझा हात चुकलेला नव्हता!"

मध्ये थोडा वेळ ते ऐकत होते. मग चूक कोणाची, असं लेकीनं विचारलं असणार.

"ते सोड गं," काका म्हणाले. "कोण का असेना. गोळा बरोबर होता, ते ऐक तू."

मी फाटकाशी उभा राहिलो. त्यांनी माझं नाव घ्यावं, अशी मी वाट बघत होतो. त्यांनी ते घेतलं नाही. आत ते पहिल्यापासून पुन्हा सांगू लागले, साखर किती कुटली आणि मध किती घातला, आणि त्या सांगण्यात मी कुठंच नव्हतो.